काचेच्या कौलाखालची जागा

बुलढाण्याच्या बाजार ओळीतल्या 'उकंडराव अँड सन' या कापड दुकानाला १९६४च्या दसऱ्यापासून दोन बाजू झाल्या. एक जुनी, एक नवी. उकंडराव वारून बारा वर्षं झाली होती आणि पाटीवरचा 'सन', म्हणजे त्यांचा मुलगा, पन्नाशीला टेकला होता, तरी पाटीवर त्याचं नाव यायचं राहूनच गेलं होतं. नवी पाटी रंगवणाऱ्याने 'नवीन विभाग' ही अक्षरं एवढी मोठी काढली, की कोपऱ्यावरून पाहणाऱ्याला दुकानाचं नावच नवीन विभाग आहे असं वाटे.

सनचं नाव भगवंतराव. भगवंतराव दोन वर्षं अमरावतीला कॉलेजात होते. तिथे ते प्रकाशाचे नियम आणि कपबशीतून चहा प्यायला शिकले, आणि मग वडिलांनी बोलावलं म्हणून परत आले. कपबशीचा उपयोग रोज होई. प्रकाशाच्या नियमांचा उपयोग कापड दुकानात होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

जुन्या बाजूला तीन पायऱ्या चढून जावं लागे. चपला पायरीवर. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, तिच्यावर पांढरी चादर, कडेला लोड. मागे छतापर्यंत सागवानी खण आणि त्यात कापडाची थानं. छत बुटकं, उभं राहणाऱ्याला आपण चुकून उभे राहिलो असं वाटायला लावणारं. मध्ये एक लाकडी खांब, हात लागून लागून कमरेच्या उंचीवर काळा झालेला. खिडकी नव्हतीच. उजेडासाठी उकंडरावांनी छपरात एक काचेचं कौल बसवलं होतं. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली गादीवर पडे आणि दिवसभर सरकत राही. कापडाचा खरा रंग त्या चौकोनातच कळायचा, म्हणून गिऱ्हाईक आणि गुमास्ता दोघेही चौकोनाबरोबर सरकत.

नव्या बाजूला पायरी नव्हती. चपलांसकट आत. खाली मोझाइक, त्यात काळे-पांढरे ठिपके. फॉर्मायकाचं काउंटर, काचेची कपाटं, छत बारा फूट, त्याला सहा ट्यूबलाइट. दर्शनी कपाटात अकोल्याहून आणलेली प्लास्टरची बाई. तिची बोटं लांब होती आणि नजर मलकापूरच्या दिशेला. समोर माणसाएवढा आरसा. इथे गुमास्ताही उभा आणि गिऱ्हाईकही उभं. उभं गिऱ्हाईक लवकर जातं, हे भगवंतरावांच्या महिनाभरात लक्षात आलं. ट्यूबलाइटखाली डाळिंबी रंग तपकिरी दिसतो, हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. तेव्हा नव्या बाजूला घेतलेला कपडा रंग पाहायला जुन्या बाजूला न्यायचा, असा प्रकार सुरू झाला. त्यासाठी मधली भिंत फोडून कमान काढली.

बस्ता मात्र जुन्या बाजूलाच होई. लग्नाचा बस्ता म्हणजे काही दोन लुगडी घेणं नव्हे. दोन बैलगाड्या भरून माणसं येतात, सकाळी बसतात, नवरीच्या शालूपासून मुलाच्या मावशीच्या खणापर्यंत सगळं निवडतात, मध्ये दोनदा रुसतात आणि दिवेलागणीला उठतात. एवढं काउंटरवर कोपर टेकून होत नाही.

आणि बस्त्याला नवरी येत नसे. तशी पद्धतच नव्हती. नवरी घरी, तिचा रंग बायकांच्या आठवणीत. मग शालू पाहायचा कोणावर? उकंडरावांच्या वेळेपासून यावर एक सोय होती. घरातली सून येऊन खांबाशी बसायची आणि शालूचा पदर खांद्यावर घेऊन दाखवायची. ती सून म्हणजे भगवंतरावांची बायको, सुभद्राबाई.

"पोरगी तुमच्यासारखीच आहे, जराशी उजळ," असं बायका म्हणत. वीस वर्षांत तालुक्यातली प्रत्येक नवरी सुभद्राबाईंपेक्षा जराशी उजळ निघाली. सुभद्राबाई हसून पदर घेत. स्वतःच्या लुगड्याचा पदर डाव्या खांद्यावर, म्हणून दाखवायचा शालू नेहमी उजव्या. "दुसरीचं ते उजव्या खांद्यावर. डाव्यावर घेतलं की आपलं होऊन जाते," असं त्या म्हणत. यात शास्त्र किती आणि सोय किती हे भगवंतरावांनी कधी विचारलं नाही. ऊन सरकलं की त्या बसल्या बसल्याच त्याच्यामागे सरकत. त्यांच्या स्वतःच्या लग्नाला शालू नव्हता. लढाईचे दिवस होते, उकंडरावांनी साध्या पातळावर भागवलं होतं. "घरच्या दुकानात कधीही घेता येईल," असं भगवंतराव तेव्हा म्हणाले, आणि कापड दुकानदाराच्या घरात जे होतं तेच झालं. घेता येईल ते घ्यायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात आठ दिवसांच्या तापात सुभद्राबाई गेल्या.

आरसा त्याच्या पुढची गोष्ट. भगवंतराव अकोल्याला गेले, आरसा पाहिला, आणि त्याच्यासाठी नवीन विभाग बांधला, असं त्यांचा जुना गुमास्ता रज्जाक म्हणे. ते अगदीच खोटं नव्हतं.

मार्गशीर्षात पहिला बस्ता आला, धामणगावकडचा. पुरुष नव्या बाजूला चहा घेत ट्यूबलाइटकडे पाहत होते. बायका जुन्या बाजूला. दुपारी तीनच्या आत शालू ठरला. इतक्या लवकर शालू ठरल्याचं भगवंतरावांच्या आठवणीत नव्हतं.

"बरा लवकर पसंत पडला," ते म्हणाले.

"तुमच्या बाईनं घेऊन दाखवला नं," नवरीची आत्या म्हणाली. "अंगावर पाह्यलं की मंग काय राह्यते?"

भगवंतरावांना वाटलं, त्यांच्यातल्याच कोणीतरी घेतला असेल. बोलताना माणसं काहीही बोलतात. त्यांनी गाठोडं बांधून दिलं.

पौषात हिंदूंची लग्नं नसतात. तेव्हा रोहिणखेडची ताहेरा आली, तिच्या लेकीच्या, गुलनारच्या जोड्यासाठी, म्हणजे नवरीच्या पोशाखासाठी. सोबत दोघी जावा. ताहेरा या दुकानात पहिल्यांदाच येत होती. तासाभराने कमानीतून बाहेर आली तेव्हा हातात गुलाबी जरीची ओढणी होती.

"सेठ, वो बाई का नाव काय जी?" तिने विचारलं. "लई सबुरीनं दाखवते. दस ओढण्या घेतल्या, एक बार तोंड वाकडं नाही केलं."

"कोणती बाई?"

"अंदर बसते ती. खंब्याजवळ. उजव्या खांद्यावर घेते. मी म्हटलं, बाई, डाव्या पर घेऊन दाखव, तं हसली, पर घेतली नाही." ताहेराने आपलं मनगट पुढे करून त्यावर बोट टेकवलं. "इथं जलेलं आहे तिचं. मी म्हटलं, लोणी लाव."

सुभद्राबाईंचं मनगट एकोणीसशे पन्नासच्या दिवाळीत भाजलं होतं. चकल्या तळताना.

भगवंतराव काउंटरमागे उभे होते. त्यांनी ओढणीची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग जुन्या बाजूला जाऊन पाहिलं. गादी होती, लोड होते, खांब होता. खांबाशी उन्हाचा चौकोन पडला होता आणि त्यात कापडाचे तंतू हळूहळू तरंगत होते.

संध्याकाळी दुकान आवरताना त्यांनी रज्जाकला हटकलं. रज्जाक तीस वर्षं या दुकानात होता. थान एका झटक्यात असं उलगडायचा, की ते आपणहून गिऱ्हाईकाच्या मांडीवर जाऊन पडे.

"रज्जाकभाई, बस्त्याच्या वेळी जुन्या बाजूले तूच असते नं?"

"हाव."

"मंग तिथं कोन बसते?"

रज्जाक थान गुंडाळत राहिला. "मले काय मालूम सेठ."

"तूच तं लुगडी टाकते त्याहिच्या समोर."

"टाकतो. मान खाली घालून टाकतो." त्याने थान खणात सारलं. "भाभी होत्या तवाही मी बायांच्या बस्त्यात मान वर नाही केली. आता काऊन करू?"

भगवंतरावांनी गल्ल्याला कुलूप लावलं.

"आवाज येते फक्त," रज्जाक म्हणाला. "बांगड्याचा. अन् लुगडं टाकलं, का ते कोनीतरी उचलते. मी उचलत नाही."

भगवंतराव हे विज्ञानाचे माणूस होते, म्हणजे दोन वर्षांपुरते. त्यांनी पद्धतशीर तपास केला. सकाळी खांबाशी बसून पाहिलं, दुपारी बसून पाहिलं. चादर बदलली. बहीण गोजरबाई, जी सुभद्राबाई गेल्यापासून त्यांच्याकडेच राहायला होती, तिला दोन दिवस जुन्या बाजूला वाती वळायला बसवलं. गोजरबाईने दोनशे वाती वळल्या आणि जागा गार आहे एवढीच तक्रार केली. माघात तीन बस्ते आले. एकात सुभद्राबाईंना ओळखणारी एक म्हातारी होती, त्या दिवशी कोणालाच काही दिसलं नाही आणि शालूवरून भांडण झालं. उरलेल्या दोन्ही दिवशी बायका दुकानातल्या बाईचं कौतुक करत बाहेर पडल्या. एकदा एक जण नुसत्याच चोळीखणासाठी आली होती. तिच्यापुढे कोणीही आलं नाही. असं करता करता तपासाचा निष्कर्ष निघाला: ती दिसते ती बायकांना, तिला न ओळखणाऱ्या बायकांना, आणि फक्त नवरीचं कापड घ्यायला आलेल्यांना.

एका दुपारी ते कमानीत हिशेबाने अर्धवट वळून उभे राहिले, आरशात जुनी बाजू दिसेल असे. आरशात सहा बायका दिसल्या. सहाही जणी एकाच ठिकाणी पाहत होत्या, खांबाजवळ, गादीपासून दीड हात वर. बसलेल्या बाईचा खांदा असतो तेवढ्या उंचीवर. त्यातली एक तिथे पाहून हसली आणि म्हणाली, "जरा वळता का वो बाई इकडं?" आणि सगळ्यांच्या नजरा मिळून बोटभर सरकल्या.

तिथे काही नव्हतं. खांब होता.

त्या दिवशी भगवंतराव घरी जेवले नाहीत. भीतीने नव्हे. भीती वाटायला हवी असं त्यांना वाटत होतं, पण मनात येत होतं ते वेगळंच. धामणगावच्या आत्याला ती दिसली. रोहिणखेडच्या ताहेराला दिसली. ज्यांना तिचं नाव माहीत नाही त्यांना दिसली. आणि वीस वर्षं जिच्याशी बोलायचं रोज उद्यावर टाकलं, ती आपल्याच दुकानात, वीस पावलांवर बसून जगाला पदर दाखवते आहे आणि आपल्याला तेवढा खांब दिसतो. एकदा दिसावी. बोलू नये, ओळखही देऊ नये. नुसती दिसावी.

फाल्गुनात मोझाइकच्या फरशा आल्या. जुनी बाजूही नव्यासारखी करायची, हे दसऱ्यालाच ठरलं होतं. छत उंच करायचं, खांब काढायचा, कौलं जाऊन वर स्लॅब येणार. फरशा परसात रचून ठेवल्या गेल्या. मिस्त्री म्हणाला, अक्षय तृतीयेला हात घालतो. भगवंतराव म्हणाले, पाहू. मिस्त्री म्हणाला, त्यानंतर पावसाळा येते, मंग मीच पाहीन.

याच सुमारास गोजरबाईने मोताळ्याचं स्थळ काढलं. तशी ती गेली तीन वर्षं स्थळं काढतच होती आणि भगवंतराव पेपर वाचतच होते. हे स्थळ म्हणजे रुक्मिणीबाई. वय अडतीस, विधवा, मोताळ्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, मूलबाळ नाही.

"हो म्हण," भगवंतराव म्हणाले.

गोजरबाईच्या हातातली वात खाली पडली. "काय म्हणे?"

"हो म्हण म्हटलं. पण लग्नाचा बस्ता आपल्याच दुकानात. जुन्या बाजूले. चैत्रातच. अन् तू तिथं बसायचं नाही."

"काऊन? मी नवरदेवाची बहीण आहे."

"तुले तिथं गार लागते नं."

गोजरबाई भावाकडे बराच वेळ पाहत राहिली. म्हातारपणी माणसाला लग्नाची घाई होते हे तिने ऐकलं होतं, पण बस्त्याची घाई झालेला तिने पहिलाच पाहिला.

मोताळ्याहून होकार आला. सोबत निरोपही आला, की बाई शिकलेल्या आहेत, त्यांचं लुगडं त्या स्वतः येऊन पाहतील. भगवंतरावांची झोप गेली ती यावर. स्वतःच्याच बस्त्याला गिऱ्हाईक म्हणून समोर बसलं तर सुभद्रा आपल्यालाही दिसेल, असा त्यांचा हिशेब होता. नवरीच हजर असली तर तिच्या जागी बसायची गरज कोणाला? पण नवरीने येऊ नये असं कळवणार कसं, आणि कारण काय देणार?

चैत्रातल्या एका सोमवारी रुक्मिणीबाई मोटारीने आल्या. बरोबर त्यांची मामी, गीताबाई. रुक्मिणीबाई सावळ्या, उंच, चष्मा लावणाऱ्या. पायरीवर चपला काढताना त्यांनी त्या भिंतीला लावून नीट जोडीने ठेवल्या, शाळेत मुलींना ठेवायला लावतात तशा. नव्या बाजूच्या आरशात त्यांनी पाहिलं नाही. प्लास्टरच्या बाईकडे मात्र पाहिलं.

"हिले कोनी बसू नाही म्हणत का?" त्या म्हणाल्या.

भगवंतरावांना हसू आलं, आणि हसू आलं याचं नवल वाटलं.

जुन्या बाजूला गीताबाई आणि रुक्मिणीबाई खांबासमोर बसल्या. भगवंतराव आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले. दोघींपासून जरा दूर, कमानीच्या अंगाला, लोडाला टेकून. नवरदेवासारखा कोट घातला होता आणि खांद्यावर उपरणं होतं. इथून खांब समोर, स्वच्छ दिसत होता.

रज्जाकने पहिला शालू टाकला. हिरवा. मग डाळिंबी. मग जांभळा. मान खाली.

"रंग कसा कळावा?" गीताबाई म्हणाल्या. "अंधार आहे इथं."

"ऊन येऊ द्या," भगवंतराव म्हणाले. "अडीचच्या सुमाराले येते." त्यांनी खांबावरची नजर काढली नाही.

अडीच वाजले. बाहेर एसटीचा भोंगा वाजला. रज्जाकने डाळिंबी शालू पुन्हा उचलून टाकला, आणि मग त्याचे हात तसेच थांबले.

भगवंतरावांनी श्वास रोखून पाहिलं. खांब. त्याच्यावरचा काळा भाग. खाली पांढरी चादर.

काही नव्हतं.

बांगड्यांचा आवाज आला. कदाचित गीताबाईंच्या असतील.

त्यांच्या लक्षात आलं, की दोघी बायका बोलायच्या थांबल्या आहेत. दोघीही त्यांच्याकडेच पाहत आहेत. नवरदेवाकडे पाहतात तसं पाहत असतील, म्हणून ते अवघडले. चेहरा शक्य तितका गंभीर करून त्यांनी खांबावर नजर आणखी घट्ट रोवली. आता येईल. आता.

गरम होत होतं. डावा दंड तापल्यासारखा झाला होता. उपरणं बाजूला सारावं म्हणून त्यांनी हात नेला. ते कशाखाली तरी दाबलं गेलं होतं, म्हणून राहू दिलं.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. पापणी लवली तर तेवढ्यात ती येऊन जाईल, असं वाटत होतं.

मग ऊब गेली. रज्जाकने हात हलवले. गीताबाई उठून, पाणी कुठं आहे असं विचारत कमानीतून बाहेर गेल्या. पाणी त्यांच्या समोरच तांब्यात होतं.

"झालं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"काय?"

"तुमी मले पाहायले नाही बोलावलं. हे मले आल्याबरोबर समजलं." त्यांचा आवाज शांत होता. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला विचारावं तसा. "तुमी त्या खांबाले पाहून राह्यले होते. काय होतं तिथं?"

भगवंतरावांनी सांगितलं. आत्या, ताहेरा, मनगट, उजवा खांदा. सांगताना आपण या बाईला कशासाठी इथवर आणलं हे त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं. त्यांनी मान खाली घातली.

रुक्मिणीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"डाळिंबी होता," त्या म्हणाल्या. "तिनं डाव्या खांद्यावर घेतला."

भगवंतरावांनी वर पाहिलं.

"मले वाटलं, दुकानातली बाई आहे. मले रंग दाखवायले आली. पण मले दाखवलाच नाही. डाव्या खांद्यावर घेतला, डोक्यावरून घेतला, अन् तुमच्याकडे पाहत बसली."

"कशी?"

"कशी म्हणजे? जेवण वाढून बायको पाहत बसते तशी. हा माणूस ताटाकडं कधी पाहीन म्हणून."

"खांबाजवळ?" भगवंतराव म्हणाले. "मी तं सारखं पाहत होतो तिथं. एक डाव नजर नाही काढली."

"खांबाजवळ काऊन बसीन? ऊन कुठं होतं तिथं?" रुक्मिणीबाईंनी बोटाने दाखवलं. "ऊन इथं होतं. तुमच्या बाजूले. तुमच्या उपरण्यावर बसली होती."

भगवंतरावांनी पाहिलं. चौकोन त्यांच्या मांडीवरून सरकून आता कमानीकडे निघाला होता. मार्गशीर्षात ऊन खांबाशी पडतं, कारण सूर्य दक्षिणेला कललेला असतो. चैत्रापर्यंत तो वर चढतो आणि छपरातून येणारा चौकोन सहा फूट अलीकडे येतो. हे अमरावतीला पहिल्या वर्षाला होतं. या विषयात त्यांना वर्गात दुसरा नंबर मिळाला होता. आणि सुभद्रा उन्हामागे सरकते, हे तर कॉलेजात न जाताही माहीत होतं.

उपरण्याच्या टोकाला चुण्या पडल्या होत्या.

"मले वाईट नाही वाटलं," रुक्मिणीबाई उठत म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "वाटलं थोडं. मी रोज हजेरी घेते. जी वर्गात बसली आहे तिले गैरहजर नाही मांडता येत."

"हा शालू—"

"तिचा आहे. ठेवा घरात."

त्या चपला घालून निघाल्या. गीताबाई नव्या बाजूला आरशाकडे पाठ करून उभ्या होत्या, त्यांना घेऊन त्या मोटार स्टँडकडे गेल्या. गोजरबाईला कळलं की पत्रिका जमत नाही. तिने पत्रिका स्वतः जमवून आणली होती, पण तिने पुढे विचारलं नाही.

अक्षय तृतीयेला मिस्त्री आला, त्याला भगवंतरावांनी परत पाठवलं. फरशा परसातल्या न्हाणीला लावल्या. बुलढाण्यात एवढी देखणी न्हाणी दुसऱ्या कोणाची नव्हती. जुनी बाजू जुनीच राहिली.

पण त्यानंतरच्या बस्त्यांत बाई कोणाला दिसली नाही. बायका बसत, घासाघीस करत, आणि शेवटी विचारत, खांद्यावर घेऊन दाखवायले कोनी नाही का? मग रज्जाक मान खाली घालून त्यांना कमानीतून पलीकडे नेई, आरशासमोर. शालू ठरायला दोन-दोन दिवस लागू लागले.

डाळिंबी शालू भगवंतरावांनी खांबामागच्या खणात ठेवला, मलमलीत बांधून, कडुनिंबाचा पाला घालून. जरीचा शालू एकाच घडीवर ठेवला की घडीवर जर तुटते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी घडी मोडून नवी घालावी लागते. हे काम रज्जाकचं. पण या शालूला भगवंतराव त्याला हात लावू देत नसत.

ज्येष्ठात घडी मोडली तेव्हा पदराला खांद्याच्या चुण्या होत्या. नीट न घातलेल्या घडीनेही तसं होतं. श्रावणात कमरेच्या जागी निऱ्या पडल्याच्या खुणा दिसल्या. दिवाळीला काठाजवळ हळदीचं बोट लागलेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खालचा काठ झिजू लागला, फक्त डाव्या टाचेकडचा. सुभद्राबाई ठेंगण्या होत्या. त्यांचं प्रत्येक लुगडं तिथेच झिजे आणि त्या त्यावर उगाच दोऱ्याला दोष देत.

खणाला कुलूप होतं. किल्ली भगवंतरावांच्या जानव्याला.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. रज्जाकने एकदा विचारलं, सेठ, त्या शालूचा वास कडुनिंबावानी येत नाही, घरच्यावानी येते, असं काऊन? भगवंतराव म्हणाले, ऊन लागलं नाही म्हणून असेल. त्या दिवसापासून ते शालू उन्हाच्या चौकोनात तासभर पसरून ठेवू लागले आणि स्वतः शेजारी बसू लागले. समोर नाही, शेजारी.

१९६६च्या तुळशीच्या लग्नाच्या दिवशी त्यांनी शालू उलगडला तेव्हा पदराच्या टोकाला गाठ मारलेली होती. बायका किल्ली किंवा सुपारी बांधतात तशी घट्ट नव्हे. सैल गाठ, मध्ये पोकळी ठेवलेली. लग्नात नवरीचा पदर आणि नवरदेवाचं उपरणं एकत्र बांधतात, त्यातलं उपरणं हळूच काढून घेतलं तर मागे जेवढी जागा उरते, तेवढी.

भगवंतरावांनी ती गाठ सोडली नाही. तशीच घडी घातली.

बुलढाण्याची हवा गार, वयाबरोबर ती सोसत नाही, असं लोक म्हणतात. भगवंतराव हल्ली बाराही महिने खांद्यावर उपरणं घेऊन दुकानात येतात, आणि ऊन पडेल तिथे सरकून बसतात. उपरण्याचं डावं टोक मात्र खांद्यावरून घेत नाहीत. शेजारी गादीवर मोकळं सोडतात.